गाडी मुद्दाम पाडली आहे

त्या सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कांनी आपली मोटरसायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी, अगदी सावकाश, झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावं तशी आडवी केली. तिथून त्यांची जी फरफट सुरू झाली ती काही केल्या थांबेना.

गाडी आडवी करण्याला कारण होतं. ही मोटरसायकल साधीसुधी नव्हती. ती डांबरी रस्त्यावर चालते, आणि रस्ता संपला की दगडधोंड्यांतून, चिखलातून, नदीच्या पात्रातूनही चालते, असं तिच्या माहितीपुस्तकात छापलेलं होतं. आतापर्यंत ती घरापासून ऑफिसपर्यंत आणि ऑफिसपासून घरापर्यंत चालली होती. वाटेत एक खणलेला रस्ता लागायचा, तोही हेडक्लार्कांच्याच खात्यानं खणलेला, एवढंच काय ते साहस. अशा गाड्या बाळगणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं. मंडळाची वर्षातून एकदा डोंगरापलीकडच्या पठारावर तीन दिवसांची मोहीम निघायची. त्या मोहिमेत आपण असावं, एवढी एकच इच्छा हेडक्लार्कांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मनात जपून ठेवली होती. बाकीच्या इच्छा त्यांनी वेळोवेळी निकाली काढल्या होत्या.

मंडळाचे कप्तान पेशानं दातांचे डॉक्टर होते, आणि रुग्ण ओरडला तरी हात मागे घ्यायचा नाही हा बाणा त्यांनी मंडळातही चालवला होता. "रानात गाडी पडणार म्हणजे पडणारच," ते म्हणायचे. "ज्याला स्वतःची गाडी एकट्याला उचलता येत नाही, त्याला आम्ही किती वेळा उचलायचं?" म्हणून नव्या माणसाची परीक्षा असायची. आपली गाडी लागोपाठ तीनदा आडवी करायची आणि दहा मिनिटांच्या आत तीनदा एकट्यानं उभी करायची. दुसऱ्याचं बोट लागलं की नापास, परत पुढच्या वर्षी. कप्तानांनी स्वतःच्या साडूलाही दोनदा घरी पाठवलं होतं.

पुढचं वर्ष हेडक्लार्कांना परवडणारं नव्हतं. बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी गेलात तर गेलात. नाही गेलात तर गाडी माझ्या भावाला द्यायची. नुसती शोभेला कशाला उभी ठेवायची?" मेहुणा लगेच येऊन गाडीवर बसून बघूनही गेला होता. जाताना त्यानं दोन्ही आरसे आपल्या उंचीला लावले आणि ते तसेच ठेवले, ही गोष्ट हेडक्लार्कांना फार लागली.

सामानाची मात्र काही कमी नव्हती. पुढे चोच आलेलं हेल्मेट होतं, छातीला आणि पाठीला कवच होतं, कोपरांना आणि गुडघ्यांना टोप्या होत्या, पाठीवर नळी लावलेली पाण्याची पिशवी होती. बूट गुडघ्यापर्यंतचे, चार-चार खटक्यांचे, आणि घोट्यात अजिबात न वाकणारे. हे सगळं चढवायला चाळीस मिनिटं लागायची, त्यातली पंधरा डाव्या बुटाची. जिना उतरताना हेडक्लार्कांना आडवं, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरावं लागे. तळमजल्यावरच्या निवृत्त पीटी मास्तरांनी त्यांना पहिल्यांदा असं येताना पाहिलं तेव्हा ते दार लावून आत गेले होते.

तर पहिल्या दिवशी गाडी आडवी झाली. आता उचलायची रीत अशी की गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सीटखालची कड धरायची, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर पाऊलपाऊल मागे सरकत गाडी उभी करायची. हेडक्लार्कांनी पाठ केली आणि न वाकणाऱ्या बुटांत खाली बसण्याचा प्रयत्न चालवला. बसतात न बसतात तोच मागे गाडी उभी राहिल्याचा आवाज आला.

"लागलं का साहेब?" वॉचमननं विचारलं. गाडी त्याच्या हातात होती.

"लागायचं काय त्यात? मी पाडली होती ती."

"होतं असं कधीकधी," वॉचमन म्हणाला. "नवीन आहे ना गाडी."

हेडक्लार्कांनी गाडी परत आडवी केली. या खेपेला पीटी मास्तर बनियनवर धावत आले, दुसऱ्या मजल्यावरून दोघं जण उतरले, आणि पार्किंगमधून नुसता जाणारा एक कुरिअरवालाही पिशवी टाकून धावला. चौघांनी मिळून गाडी उभी केली, पुसली आणि हेडक्लार्कांना पायरीवर बसवलं. कोणी तरी पाणी आणलं. त्यांच्या पाठीवर दोन लिटर पाणी होतं, पण ते कोणाला सांगण्याचा तो प्रसंग नव्हता.

आपल्याकडे हीच तर पंचाईत आहे. शेजारी मरायला टेकला तरी सोसायटीत चार दिवसांनी कळतं, पण मोटरसायकल पडल्याचा आवाज आला की जिथे माणूस नाही तिथून माणूस निघतो. पडलेली गाडी बघत उभं राहणं कोणाला जमतच नाही. आधी गाडी उचलायची, मग ती कोणाची ते विचारायचं. पहिल्या आठवड्यात हेडक्लार्कांनी गाडी एकवीस वेळा पाडली आणि एकदाही उचलली नाही. त्यांचा हात पोचायच्या आत ती उभी असायची.

शेवटी त्यांनी ऑफिसातल्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "गाडी मुद्दाम पाडली आहे. कृपया उचलू नये." आणि तो पुठ्ठा हँडलला टांगला. लोक थांबून वाचायचे, हेडक्लार्कांकडे बघायचे आणि पूर्वीपेक्षा हलक्या हातानं गाडी उभी करायचे. पीटी मास्तरांनी तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "या वयात तोल जातो माणसाचा. मुद्दाम पाडली असं लिहायची काय गरज आहे? आम्ही काय परके आहोत?"

"मास्तर, अहो, खरंच मुद्दाम पाडली आहे."

"बरं, मुद्दाम तर मुद्दाम," मास्तर म्हणाले आणि रात्री घरी येऊन दुखण्यावरच्या तेलाची बाटली देऊन गेले.

त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हेडक्लार्कांच्या बायकोकडे आल्या. घरात काही ताण आहे का, साहेबांना बढती नाकारली का, रात्री झोप लागते का, असं त्यांनी फार मायेनं विचारलं. त्या गेल्यावर बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही पडता याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही पडता म्हणून लोक माझ्याशी गोड बोलायला लागलेत, ते मला सहन होत नाही."

"मी पडत नाही! मी पाडतो!"

"हे तुम्ही जिन्यात ओरडू नका, एवढंच म्हणते मी."

मग सोसायटीचे सेक्रेटरी मध्ये पडले. सेक्रेटरी टेप घेऊन आले, त्यांनी उभी गाडी मोजली, मग आडवी गाडी मोजली, आणि आडवी गाडी दीड वाहनाची जागा खाते असं त्यांच्या लक्षात आलं. पार्किंगची जागा उभ्या वाहनासाठी दिलेली आहे, आडव्या वाहनासाठी समितीची लेखी परवानगी लागेल. हेडक्लार्कांचं अर्धं आयुष्य लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवण्यात गेलेलं. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला. तो परत आला. "गाडी पडण्याची वेळ, कालावधी व दिशा नमूद करावी." त्यांनी वेळ साडेपाच ते सहा लिहिली, दिशा डावी लिहिली. पुन्हा परत आला. उजवीकडे पडल्यास जबाबदारी कोणाची, याचा खुलासा नव्हता. आपण खुर्चीच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत यावर अर्जाचं दुःख किती अवलंबून असतं, हे हेडक्लार्कांना त्या दिवशी प्रथमच कळलं, आणि त्यांना आपल्या टेबलावरून परत गेलेल्या कितीतरी लोकांचे चेहरे आठवून उगाच वाईट वाटलं.

परवानगी अखेर मिळाली, पण एका अटीवर. सुरक्षिततेसाठी वॉचमननं हजर राहावं. म्हणजे ज्याला लांब ठेवायचं त्यालाच समितीनं जवळ उभा केला. हेडक्लार्कांनी त्याला समजावलं, दम दिला, शेवटी हात जोडले.

"साहेब, कळतं मला," वॉचमन काकुळतीला येऊन म्हणाला, "पण डोळ्यांसमोर गाडी आडवी बघवत नाही हो. हात आपोआप पुढे होतात."

"मग तिकडे तोंड करून उभा राहा."

तो बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गाडी खाली टेकल्याचा आवाज आला तसे त्यानं दोन्ही हात खिशात कोंबले. त्यानं मनात दहापर्यंत मोजलं असावं, आणि अकराव्या आकड्याला तो गाडीपाशी होता.

ऑफिसातही ही वार्ता पोचायची राहिली नाही. हेडक्लार्कांनी मोहिमेसाठी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे "मोटरसायकल" असं लिहिलं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"तीन दिवसांत बरं वाटेल का?" साहेबांनी विचारलं. "हवी तर आठवड्याची घ्या. आणि जड काही उचलू नका."

तेव्हापासून शिपाई त्यांच्या हातातली फाइलसुद्धा काढून घ्यायला लागला. ज्या माणसाला दीडशे किलोची गाडी उचलायची होती त्याला ऑफिसात आवक-जावक रजिस्टर उचलायची बंदी झाली.

चौथ्या आठवड्यात हेडक्लार्क पहाटे उठून पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानावर गेले. तिथे काळं कुत्रंही नव्हतं. त्यांनी समाधानानं गाडी आडवी केली, आणि टाकीच्या मागून सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांचा जथा बाहेर आला. पुढे पीटी मास्तर. मास्तरांनी लांबूनच "धरा! धरा!" अशी आरोळी ठोकली, सगळ्यांच्या आधी पोचले, कंबरेत वाकून गाडीला झटका दिला, आणि वाकले ते वाकलेलेच राहिले.

त्यांना तसंच वाकलेल्या अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं. हेडक्लार्क रोज भेटायला जायचे, तेलाची बाटली त्यांनी परत नेऊन दिली, आणि मास्तर भिंतीकडे बघत एवढंच म्हणायचे, "मी तर मदतच करायला आलो होतो." सोसायटीनं काय समजायचं ते समजून घेतलं. आता हेडक्लार्कांची गाडी पडली की खिडक्या लागायच्या. वॉचमनला सेक्रेटरींनी फाटकाबाहेर बसवलं. सगळ्या इमारतीत त्यांच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही.

आणि सांगायला लाज वाटते, पण हेडक्लार्कांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा. पहिल्या दिवशी गाडी वीतभर उचलली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत आली. चौथ्या दिवशी ती उभी राहिली, आणि हेडक्लार्क तिला धरून लहान मुलासारखे हसले. शनिवारी त्यांनी लागोपाठ तीनदा गाडी आडवी केली आणि तीनदा उभी केली. आजूबाजूला बघणारं कोणी नव्हतं. धापा टाकत, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत ते घरी आले.

"तिन्ही वेळा उचलली," ते दारातच म्हणाले.

"बघितलं मी," बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाजूला होत म्हणाली. "तिसऱ्यांदा जरा वेळ लागला." आणि तिनं खाली बसून, न सांगता, त्यांच्या डाव्या बुटाचे खटके काढून दिले.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, गावाबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात. मोहीम तिथूनच पुढे निघायची होती. बारा गाड्या सामानासकट लागलेल्या. परीक्षेला दोघंच जण होते. एक हेडक्लार्क, आणि दुसऱ्या म्हणजे एका बालवाडीच्या मुख्याध्यापिका बाई. बाई पन्नाशीच्या, अंगानं बारीक. त्या गेली दोन वर्षं नापास होत होत्या, आणि हे त्यांनी हेडक्लार्कांना हेल्मेट काढायच्या आत सांगून टाकलं.

"या वेळी मात्र येणार," त्या म्हणाल्या. "रोज चाळीस मुलं उचलते मी कडेवर. ही तर एकच आहे."

ऊन व्हायच्या आत निघायचं म्हणून कप्तानांनी दोघांची परीक्षा एकदमच लावली. दहा पावलांच्या अंतरावर दोन गाड्या आडव्या झाल्या. शिट्टी वाजली. हेडक्लार्कांनी पहिल्यांदा गाडी उचलली तेव्हा बारांतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या. शेजारी बाईंच्याही दोन झाल्या होत्या. घाम डोळ्यांत उतरत होता, पायाखालचे गोटे सरकत होते, पण हेडक्लार्कांना कळून चुकलं होतं की आता हे होणार. तिसऱ्यांदा त्यांनी गाडीकडे पाठ केली, बसले, धरली, आणि एकेक पाऊल मागे सरकू लागले. गाडी गुडघ्यावर आली. मांडीवर आली. अजून दोन पावलं, फक्त दोन.

तेवढ्यात शेजारी धाडकन आवाज झाला. बाईंची गाडी अर्ध्यातून निसटून पुन्हा खाली आदळली होती.

पुढचं जे झालं ते हेडक्लार्कांनी केलं असं म्हणता येत नाही. ते त्यांच्याकडून झालं. त्यांच्या हातांनी स्वतःची गाडी सोडली, न वाकणारे बूट दहा पावलं धावले, आणि "लागलं का?" असं विचारत त्यांनी बाईंची गाडी एका दमात, एका झटक्यात, सरळ उभी केली. पाच आठवड्यांत त्यांनी इतकी सुरेख गाडी उचलली नव्हती. मागे त्यांची स्वतःची गाडी गोट्यांवर आडवी पडली होती.

 कप्तानांनी शिट्टी तोंडातून काढली.

"मी उचलतच होते," बाई म्हणाल्या.  "निसटली होती नुसती. एक मिनिट बाकी होतं अजून. मी उचलत होते ना!"

"माझ्या लक्षातच..." हेडक्लार्क म्हणाले.

"मी बोलावलं होतं तुम्हाला? तीन वर्षं झाली मला. तीन!"

कप्तानांनी हेल्मेट चढवलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा चेहराही उतरला होता, पण नियम तो नियम. "बाईंच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागला. तुमची तिसरी वेळेत झाली नाही. दोघंही पुढच्या वर्षी या," ते म्हणाले, आणि बारा गाड्या एकामागून एक पात्र ओलांडून पलीकडच्या चढाला लागल्या. धूळ बराच वेळ तिथेच तरंगत राहिली.

पुढच्या वर्षी. हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढे आरसे आले, मेहुण्याच्या उंचीचे. रजा मंजूर होती. तीन दिवस ते आता घरी बसून काढणार होते, आणि शेजारीपाजारी दारावरून हळूच जाणार होते. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बाई होत्या. त्या एका दगडावर तोंड फिरवून बसल्या होत्या.

ते आपल्या गाडीपाशी गेले. पाठ केली, बसले, धरली. गाडी हलली नाही. पुन्हा जोर लावला. पायांत जीवच उरला नव्हता, सगळा त्या एका झटक्यात गेला होता. तिसऱ्या प्रयत्नाला ते गाडीसकट खाली बसले आणि बसूनच राहिले. त्यांनी मान वळवून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लांबवर नुसते गोटे. पाच आठवडे ज्यांना हात जोडून, ओरडून, पाटी लावून हाकललं, त्यांच्यातलं एकही माणूस कुठून येत नव्हतं. वॉचमन नाही, मास्तर नाहीत, साधा कुरिअरवाला नाही. हेडक्लार्कांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

बाई ते सगळं बघत होत्या. बघत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या.

हेडक्लार्कांनी बराच वेळ वाट पाहिली. मग हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "जरा हात लावता का?"

 बाई उठल्या, हात झटकले, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला येऊन वाकल्या.

"असं विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. "हं, तुम्ही हँडल धरा."